ट्विलीजपासून दूर एक वर्ष

१२ सप्टेंबर, ओस्टर लेक

या राज्यात बर्गरवर केचप घालतात. न विचारता घालतात. हे वाक्य मी अत्यंत शांतपणे लिहिलं आहे आणि लिहिताना हात थरथरला नाही, याची नोंद व्हावी.

टेक्ससात बर्गरला मोहरीचा सॉस लावतात, हा सिद्धान्त आहे. केचप हा लहान मुलांसाठी दयाबुद्धीने केलेला अपवाद. इथे मिनेसोटात मात्र अपवादालाच सिंहासनावर बसवलंय. आज गावातल्या एकुलत्या एका ग्रिलमध्ये बर्गर मागवला, वरचा पाव उचलून पाहिला, आणि आतला लाल प्रकार दिसताच पाव पुन्हा झाकला. परक्या घरी चुकून भलतंच दार उघडलं तर आपण कसं हलकेच लावून घेतो, तसा.

"मोहरीचा सॉस मिळेल का?" मी वाढणाऱ्या बाईंना विचारलं.

"मोहरीचा? बर्गरवर?"

"हो."

"हं," बाई म्हणाल्या. "घालत असतील बाई तिकडे." आणि हॉटडॉगसाठी ठेवलेली बाटली कुठूनशी शोधून आणली. पुसून आणली, हे विशेष.

मारित समोर बसून हसत होती. ती इथलीच, याच गावातली. केचपवाला बर्गर तिने शेवटच्या घासापर्यंत खाल्ला आणि नंतर बोटंही चाटली. लांबच्या प्रवासाने माणसाची चव बिघडते, असं मी ऐकून होतो.

इथे येण्याचं कारण सासूबाई. थोरा त्यांचं नाव, वय नव्वदीला टेकलेलं. जूनमध्ये अंगणात पडल्या आणि खुबा मोडला. मारित म्हणाली, जायला हवं. मी त्याच महिन्यात निवृत्त झालो होतो. आयुष्यभर लॅटिन शिकवलं, म्हणजे मेलेल्या भाषेचा जिवंत मास्तर होतो. आता भाषा आणि मास्तर यांच्यातला तो फरकही पुसट होत चाललाय. हॅलेट्सव्हिलचं घर शाळेच्या फुटबॉल कोचला भाड्याने दिलं आणि आलो. बोली अशी झाली, की एक वर्ष इथे राहायचं, मग घरी. घर म्हणजे टेक्सस. हे लिहायची गरज नाही, पण लिहून ठेवतो.

आणि टेक्सस म्हणजे, माझ्यापुरतं, ट्विलीज. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं छप्पर, हायवेवरून मैलभर आधी दिसणारं. शुक्रवारी शाळेची मॅच आणि मॅचनंतर ट्विलीज. जिंकलो तरी आणि हरलो तरी. विद्यार्थी होतो तेव्हा गेलो, मास्तर झाल्यावर गेलो, नवरा झाल्यावरही गेलो. मारितला लग्नाआधी पहिल्यांदा जेवायला नेलं तेही तिथेच. यावरून माझ्या तेव्हाच्या ऐपतीची आणि रसिकतेची, दोन्हींची कल्पना यावी.

१३ सप्टेंबर

काल लिहिलेलं वाचलं. सासूबाईंच्या खुब्याला दोन ओळी आणि बर्गरला उरलेलं सगळं पान. सत्तावन्न वर्षांच्या माणसाने हे असं लिहावं! फाडणार होतो. पण वही नवी आहे.

८ ऑक्टोबर, रविवार

चर्चच्या तळघरात प्रार्थनेनंतर कॉफी आणि खाणं. आठ प्रकारचे हॉटडिश होते, म्हणजे मांस-भाजी एकत्र करून ओव्हनमध्ये भाजलेलं इथलं पक्वान्न. सात मी एकमेकांपासून वेगळे ओळखू शकलो नाही, आठव्यात वाटाणे होते.

पण आज एक अद्भुत पाहिलं. लिंबाच्या वड्यांच्या ताटात शेवटची एक वडी उरली. कोणी तिला हात लावेना. मग एका बाईंनी सुरीने तिची अर्धी केली आणि अर्धीच उचलली. थोड्या वेळाने कोणीतरी उरलेल्या अर्धीचं अर्धं केलं. मग त्याचंही अर्धं झालं. परमाणू अविभाज्य असतो की नाही, या प्राचीन वादाचा निकाल आज याच ताटात लागणार, असं मला वाटू लागलं. तेवढ्यात दुसरं ताट आलं. त्यातही शेवटची वडी उरली आणि तिचंही तेच होऊ घातलं.

शेजारच्या लोर्नाबाईंनी ते ताट माझ्यापुढे धरलं. "घ्या ना रॉइस."

मी घेतली. अख्खी. दिली, घेतली, खाल्ली. आमच्याकडे असंच असतं.

टेबलावरच्या सगळ्यांनी आपापल्या कपात पाहिलं. लोर्नाबाईंचे यजमान आर्ने म्हणाले, "बरं केलंत. कोणीतरी धाडस करायलाच हवं होतं."

मला मनापासून बरं वाटलं. या लोकांत मिसळायला वेळ लागेल, असं टेक्ससातला माझा मित्र डब म्हणाला होता. मला तर महिनाभरातच धाडसी म्हणू लागले.

गाडीत मारितने विचारलं, "वडी छान होती का?"

"फारच."

"बरं झालं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. या दिवसांत इथली झाडं पाहण्यासारखी असतात.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

आज शुक्रवार. तिकडे मॅच असणार. डबला फोन लावला. डब माझा मित्र, शेजारच्या गावात लॅटिन शिकवतो. टेक्ससाच्या आमच्या भागात लॅटिनचे मास्तर आम्ही दोघेच उरलो होतो. आता तो एकटा आहे.

"थांब, रॉइस," तो म्हणाला. "काही बोलू नकोस. ऐक."

पलीकडून कागद चुरगळल्याचा आवाज आला.

"ट्विलीज?"

"डबल. परतलेला कांदा. हॅलापेनो मिरच्या जास्तीच्या."

"मेल्या, देव तुला बघून घेईल."

"घेऊ दे. तोंड भरलंय, नंतर बोलू."

मग मी स्वतःच करायचं ठरवलं. सासूबाईंचा बिडाचा तवा घेतला. ट्विलीजमध्ये तवा इतका तापलेला असतो की मांस टाकताक्षणी तडतडतं; म्हणून मीही तापवला. धुराची घंटा वाजायला लागली. मारितने घराच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. बाहेर गोठायला आलं होतं. सासूबाई चाकांच्या खुर्चीत कोट, टोपी, हातमोजे असा जामानिमा करून बसल्या.

"मला बाहेर पुरायचंय हे मान्य," त्या म्हणाल्या. "पण मेल्यावर पुरा रे."

बर्गर झाला. पाव चुकीचा, कांदा करपलेला, सॉस मात्र मी भरपूर लावला होता. मारितला दिला.

"कसा झालाय?"

"चालेल," ती म्हणाली आणि खाल्लाही. सव्वीस वर्षं मी तिच्या तोंडून हा शब्द ऐकतोय. ही माझी बायको म्हणजे समाधानाचा पुतळा आहे.

१४ नोव्हेंबर

हे लिहावं की नाही, असा विचार करत होतो.

शोध लागला, की ट्विलीजची सगळ्यात उत्तरेकडची शाखा कॅन्सस सिटीत आहे. म्हणजे एका दिवसाचा रस्ता. जायला एक दिवस, यायला एक दिवस, आणि मध्ये बर्गर. समंजस माणूस असं करत नाही. म्हणून समंजस कारण शोधणं आलं.

सकाळी मारित म्हणाली, "शनिवारी कारिन येतेय." कारिन तिची धाकटी बहीण. "आईला बसवून लेफ्से करायचं म्हणतोय. तिच्या हाताखाली एकदा नीट शिकून घ्यायला हवं, पुन्हा कधी होणार. तू असलास तर उलटायला बरा पडशील."

लेफ्से म्हणजे बटाट्याची पोळी. रुमालासारखी पातळ लाटतात आणि लांब लाकडी पट्टीने तव्यावर टाकतात, उलटतात. थँक्सगिव्हिंगच्या आधीचा हा त्यांचा मोठा कार्यक्रम.

"शनिवारी ना, कॅन्सस सिटीला सभा आहे," मी म्हणालो. "लॅटिनच्या मास्तरांची."

"अस्सं."

"राहू का मग?"

"नको, नको. तुझं काम असेल तर जा तू."

झालं. मी विचारलं, ती नको म्हणाली, विषय संपला. मनातलं सरळ सांगणारी बायको मिळायला नशीब लागतं.

सभेचं तेवढं खोटं आहे. इतक्या वर्षांत मी मारितशी खोटं बोललो नव्हतो, निदान मांसाच्या तुकड्यासाठी तरी नाही. आता बोललो. शब्द तोंडातून फार सहज गेले, त्याचीच लाज वाटतेय.

१८ नोव्हेंबर, शनिवार, कॅन्सस सिटी

लांबून हिरव्या-पांढऱ्या पट्ट्या दिसल्या आणि माझे डोळे भरून आले. खरंच भरून आले. गाडी बाजूला घ्यावी लागली. जिव्हालौल्याची ही परमावधी म्हणायची.

आत गेलो, डबल मागवला. पहिला घास तोच होता. मोहरीचा तो नाकात चढणारा झणका, कांद्याचा गोडवा, भाजलेल्या पावाची कड. हॅलेट्सव्हिल, शुक्रवार, मैदानावरचे दिवे, सगळं एका घासात. दुसरा बर्गर मागवला. तो पहिल्याच्या पुण्याईवर खाल्ला. तिसरा मात्र इतक्या लांब आलोच आहोत म्हणून खाल्ला आणि तो खाताना भिंतीकडे तोंड करून बसलो.

शेजारच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं होतं, बोलण्यावरून आमच्याकडचं.

"एकटेच?" आजोबांनी विचारलं.

"सभेला आलोय."

"कसली सभा?"

"लॅटिनची."

"अरे वा," ते बायकोकडे वळून म्हणाले. "ऐकलंस का, अजून चालू आहे म्हणे लॅटिन." मग एका बर्गरचे दोन भाग केले, एकावर मोहरी, एकावर केचप. मोहरीचा स्वतः घेतला, दुसरा तिच्यापुढे सरकवला. "हिला मोहरीचं वावडं," त्यांनी मला विनाकारण सांगितलं.

परक्या माणसांशी खोटं बोलायचं तर काही कारणही नव्हतं. सराव म्हणून बोललो असेन.

घरी न्यायला आणखी घेतले, बर्फाच्या पेटीत ठेवले. आता मोटेलच्या खोलीत बसून सभेत काय काय झालं ते ठरवतोय. व्याकरणाच्या भवितव्यावर परिसंवाद झाला, असं म्हणावं.

१९ नोव्हेंबर, रविवार

घरात शिरलो तर बटाट्याचा आणि लोण्याचा वास. टेबलावर माझं ताट झाकून ठेवलेलं. फडक्याखाली लेफ्सेच्या घड्या, लोणी आणि साखर लावून गुंडाळलेल्या.

कारिन निघायच्या तयारीत होती. "काय भावोजी, उलटायला तुम्ही हवे होतात. हिने बाबांची जुनी पट्टी माळ्यावरून काढून, तेल लावून ठेवली होती तुमच्यासाठी. आम्हाला हातसुद्धा लावू दिला नाही."

"कारिन, तुझी बस जाईल," मारित म्हणाली. इथे बस नाही. कारिन गाडीने आली होती. दोघी हसल्या.

"सभा कशी झाली?" मारितने मला विचारलं.

"भरगच्च. व्याकरणाच्या भवितव्यावर परिसंवाद होता."

"काय ठरलं मग भवितव्याचं?"

"आशेला जागा आहे."

"बरं झालं. हो, काल दुपारी डबचा फोन आला होता, इथल्या नंबरवर. मी म्हटलं, रॉइस सभेला गेलाय, लॅटिनच्या. आधी 'अं?' म्हणाला. मग म्हणाला, 'हां, हां. सभा.'"

डब असा विसराळू. थोडक्यात वाचलो.

मग मी विजयी मुद्रेने बर्फाची पेटी उघडली. वाटेत होतं म्हणून आणलं, म्हणालो. कॅन्सस सिटीतल्या सभेच्या वाटेत काय काय येतं, हे कोणी विचारलं नाही. ओव्हनमध्ये गरम करून तिघांच्या ताटात वाढले.

मारितने वरचा पाव उचलला. सुरी घेतली आणि मोहरीचा सगळा सॉस खरवडून ताटाच्या कडेला काढून ठेवला. पावाच्या आतल्या बाजूचाही काढला. मग पाव झाकून खाऊ लागली. मी बघत राहिलो.

"डोकं दुखतं तिचं," सासूबाई म्हणाल्या.

"कोणाचं?"

"तुझ्या बायकोचं. मोहरीने. लहानपणापासून. किती वर्षं झाली रे लग्नाला?"

"आई, राहू दे," मारित म्हणाली.

"अगं पण मारित, दर शुक्रवारी... तू कधी बोलली नाहीस."

"तू विचारलं होतंस की," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात. "पहिल्यांदा गेलो तेव्हा. मोहरीचा चालेल ना, म्हणालास. मी म्हटलं, चालेल."

शुक्रवारी मॅचवरून आल्यावर ती लवकर झोपायची. उजेड नको म्हणायची. गर्दीने दमते, असं मी लोकांना सांगत असे.

२० नोव्हेंबर

डब विसराळू नाही. त्याला लॅटिनची सगळी अनियमित क्रियापदं उलट्या क्रमाने येतात. सभा असती तर तो असताच. नव्हती, हे त्याच्या एका 'हां हां'मधून मारितला शनिवारी दुपारीच कळलं. तरी तिने रविवारी माझं ताट वाढून झाकलं.

भांडी घासत होती तेव्हा मागे जाऊन उभा राहिलो.

"मारित, सभा नव्हती."

"ठाऊक आहे."

"बर्गरसाठी गेलो होतो."

"तेही ठाऊक आहे. वास येत होता तुझ्या कोटाला."

"रागावलीस?"

"नाही रे."

मी "बरं" म्हणालो आणि फडकं घेऊन ताटं पुसू लागलो. 

११ जानेवारी

बाहेर इतकी थंडी आहे की नाकातले केस मोडतात. आर्ने बर्फ ढकलायचं यंत्र घेऊन आमचं अंगण साफ करायला आले होते. मी त्यांना कॉफीसाठी आत बोलावलं. "नको, नको," ते म्हणाले. मी "बरं, आभारी आहे" म्हणून दार लावून घेतलं.

सासूबाई खिडकीतून पाहत होत्या. "अरे बाबा," त्या म्हणाल्या, "बैस इथे. तुला शिकवलंच पाहिजे."

मग शास्त्र सांगितलं. इथे कोणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नकोच म्हणायचं, पण जरा हळू. तिसऱ्यांदा विचारलं की म्हणायचं, फार त्रास होणार नसेल तर थोडीशी. आणि विचारणाऱ्याने तिसऱ्यांदा विचारायचंच. त्याआधीचं नको हे नको नसतंच.

"मग पहिल्या दोन वेळा बोलायचंच कशाला?"

"समोरच्याला खरंच द्यायचंय की नुसतं तोंडदेखलं, ते कळायला नको?"

"म्हणजे ती लिंबाची वडी..."

"ती वडी अजून गाजतेय. लोर्नाने तर एकदाच विचारलं होतं. ताट नुसतं सरकवत होती बिचारी."

मला दरदरून घाम फुटला, बाहेर ही थंडी असताना. धाडसी म्हणून मी त्या तळघरात तीन महिने छाती काढून हिंडत होतो.

चूक भरून काढायला दुपारी आर्नेंकडे गेलो. त्यांनी कॉफी विचारली, मी नको म्हणालो. पुन्हा विचारली, मी जरा हळू नको म्हणालो. तिसऱ्यांदा विचारली, पण तोवर मला नको म्हणायची इतकी गोडी लागली होती की तेव्हाही नकोच म्हणालो. आर्नेंनी निमूटपणे किटली उचलून आत नेली. मी कोरडाच घरी आलो. मारित हे ऐकून पोट धरून हसली, खुर्चीचा आधार घ्यावा लागला तिला. हिला असं हसताना मी कधी पाहिलं होतं, ते आठवायचा प्रयत्न केला.

ती आत गेल्यावर सासूबाई विणकाम न थांबवता म्हणाल्या, "लग्न ठरलं तेव्हा तिकडून फोन केला होता तिने. म्हणाली, रॉइस विचारतोय, कायमचं टेक्ससातच राहायला चालेल ना? मी म्हटलं, मग तू काय म्हणालीस? तर म्हणे, चालेल म्हटलं. मी फोन धरून थांबले, तू पुढे काय विचारलंस ते ऐकायला."

"मग?"

"मग काही नाही. पुढे काही नव्हतंच. फोनचं बिल मात्र आलं."

२७ फेब्रुवारी

सासूबाई काठी घेऊन स्वतः डॉक्टरांच्या खोलीत चालत गेल्या. आता सोबतीला कोणी राहायची गरज नाही, असं डॉक्टर म्हणाले; कारिन तासाभराच्या अंतरावर आहेच. मला आनंद झाला, आणि तो नेमका कशाचा झाला हे लगेच कळून मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांचं हाड जुळलं आणि मला हिरव्या-पांढऱ्या पट्ट्या दिसल्या.

परतताना मारितने गोठलेल्या तळ्याशी गाडी थांबवायला सांगितली. कारिन आणि तिच्या मैत्रिणी बर्फाला भोक पाडून मासे धरत बसल्या होत्या. ती त्यांच्यात जाऊन बसली. मी गाडीतून पाहत होतो. हातवारे करून काहीतरी सांगत होती, बायका हसून लोळत होत्या. हॅलेट्सव्हिलमध्ये लोक मला म्हणायचे, तुमच्या मिसेस फार शांत हो. मी अभिमानाने हो म्हणायचो.

१५ मार्च, शुक्रवार

कोचचा फोन आला. "सर, घाई करत नाही, पण जूनमध्ये तुम्ही परत येताय ना? येत असाल तर आम्हाला दुसरं घर बघायला हवं. बायकोला बाळ होणार आहे. आणि येत नसाल तर, खरं सांगू का, घर विकत घ्यायलाही आम्ही तयार आहोत."

"सोमवारी सांगतो," मी म्हणालो.

"मारित मॅडमना विचारून सांगा. त्यांची गुलाबं मस्त आलीत."

आमच्या अंगणात गुलाब आहेत, हे मला आठवलंच नव्हतं. मला तिथलं फक्त ट्विलीज आठवत होतं.

१७ मार्च, रविवार

दुपारी विचारलं. ती मोरीशी उभी राहून बटाटे सोलत होती. सासूबाई आत वाचत पडल्या होत्या.

"कोचचा फोन होता परवा. जूनमध्ये परत जायचं ना आपण?"

"तुला हवं तसं," ती म्हणाली. "मला चालेल."

झालं पहिलं. आजवर मी इथेच थांबत आलो. आज थांबलो नाही, एवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

"तसं नव्हे, मारित. तुला काय हवंय?"

"माझं काय रे. मी कुठेही राहते." हे जरा हळू म्हणाली.

आणि सुरी थांबली. बटाटा अर्धा सोललेला हातात, नळ चालू, मान माझ्याकडे वळवलेली नाही. ती वाट पाहत होती. जानेवारीपूर्वी ते मला कळलं नसतं; वाटलं असतं, विचारात आहे. आज स्पष्ट कळलं. एक प्रश्न राहिला होता आणि तो विचारायचं काम माझं होतं. बाकी सगळं तिने केलं होतं.

मी म्हणालो, "कॉफी टाकू का तुझ्यासाठी?"

तिने नळ बंद केला. मग ती म्हणाली, "नको."

आणि मी बाहेर आलो. गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत बसलो, कुठेही जायचं नसताना. आत बटाटे सोलल्याचा आवाज पुन्हा सुरू झालेला ऐकू येत होता.

उद्या कोचला उत्तर द्यायचंय. मी इथे राहायला तयार आहे. हे नाटकीपणाने लिहीत नाही, हिशेब करून पाहिलाय. ही माणसं चांगली आहेत, कॉफी पातळ असली तरी पुष्कळ असते. इथेच राहू, असं ती म्हणाली तर मला त्याचं काही वाटणार नाही.

ते विचारायला मी भ्यालो नव्हतो. एकदा ती खरं सांगू लागली की ते घराच्या प्रश्नापाशीच थांबेल कशावरून, याला भ्यालो. मी तिला लग्नाचंही एकदाच विचारलं होतं.